बिऱ्हाडाचा हिशेब

मोहोळवरून जाणाऱ्या राजमार्गाची दोन टोके आमच्या गावातील अनेक घरांच्या काळजीची टोके होऊन बसली आहेत. पश्चिमेकडे गेले की पुणे लागते. पूर्वेकडे सोलापूर, उमरगा, जहीराबाद करीत हैदराबाद. मुलगा पुण्यात नोकरीस असतो, तिकडे त्याचे बिऱ्हाड स्थिरावलेले असते, आणि एके दिवशी हैदराबादेहून अधिक वेतनाचे बोलावणे येते. मग दिवाळीत सारे घरी जमले म्हणजे फराळाच्या ताटांबरोबर हा प्रश्न मध्यभागी मांडला जातो : जावे की राहावे? ही चर्चा आम्ही इतक्या घरांतून ऐकली आहे, की तीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. आमच्या मते ती बहुधा चुकीच्या पायावर चालते, आणि ही चूक तरुण व वडीलधारे अशा दोन्ही पक्षांची आहे.

प्रथम तरुणांचा पक्ष घेऊ. ते कागदावर दोन रकाने आखतात. एकात पुणे, दुसऱ्यात हैदराबाद. खाली वेतन, घरभाडे, शाळेची फी, कचेरीस जाण्यायेण्याचा वेळ. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज किती तास जातात आणि हैदराबादेचे वर्तुळाकार रस्ते किती प्रशस्त आहेत, याची तुलना होते. तिकडे मेट्रो 2017 साली धावू लागली, इकडे 2022 साली, हेही कोणी सांगतो. या हिशेबात खोटे काही नाही. अपुरे मात्र पुष्कळ आहे. 1998 साली हैदराबादेस सायबर टॉवर्स उभे राहिले, आणि पुण्यानेही हिंजवडीस तोच मार्ग धरला. उद्योग एक, इमारतींची घडण एक, जीवनाची घाई एक. अशा दोन नगरांत चार हजारांच्या भाड्याचा फरक शोधीत बसणे म्हणजे एकाच मापाच्या दोन अंगरख्यांची गुंडी तपासण्यासारखे आहे.

आता वडीलधाऱ्यांचा पक्ष. ‘पुण्यात आहेस तोवर आपल्या मुलखात आहेस, हैदराबाद म्हणजे परप्रांत,’ असा त्यांचा आक्षेप असतो. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही आम्ही विचारतो : मोहोळचे घर ओस पडले ते केव्हा? मुलगा पुण्यास गेला त्याच दिवशी ना? येथून पुणे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे साडेतीनशे. पहिले अंतर निमूटपणे सोसले आणि पुढच्या सव्वाशे किलोमीटरांस मात्र वनवास म्हटले, यात तर्क कोठे आहे? आमच्या शेजारचा धाराशिव जिल्हा 1956 सालापर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्याच्या राज्यकारभाराचे केंद्र हैदराबाद हेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभारली. तेव्हा तेथे मराठी माणूस आज प्रथमच पाऊल टाकीत आहे, असे समजण्याचे कारण नाही.

उलट दिशेचे उदाहरण तर आमच्या उशालाच आहे. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली, आणि विणकामाच्या आधारावर तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे तेथील पूर्व भागात रुजली. सोलापुरी चादरीचा लौकिक ज्या हातांनी वाढविला, त्यांत या कुटुंबांचा वाटा फार मोठा. पिढ्या लोटल्या तरी त्यांच्या घरांतून तेलुगू ऐकू येते, आणि बाजारात ती अस्सल सोलापुरी मराठी बोलतात. ते येथे येऊन तेलुगू विसरले नाहीत. मग आपलीच मुले तिकडे जाऊन मराठी विसरतील, अशी धास्ती आपणांस का वाटावी?

ही धास्ती अगदी निराधार आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रात 2020 सालच्या कायद्याने शाळांतून मराठी सक्तीची झाली. तेलंगणात 2018 सालच्या कायद्याने तेलुगू. म्हणजे सीमा ओलांडताच मुलाच्या दप्तरातील मराठीचे पुस्तक जाते. पुण्यात अंगणातले सवंगडी, वाचनालय, नाट्यगृह हे निम्मे काम करतात. हैदराबादेस ते बहुतेक सारे आईबापांस करावे लागेल. परंतु पुण्यात राहून जी आई मुलाशी इंग्रजीतच बोलते, आणि जो नातू मोहोळास आल्यावर आजीच्या प्रश्नास इंग्रजीत उत्तर देतो, त्या घराने पुणे न सोडताच मराठी सोडली आहे. त्यांनी भाषेच्या नावाने हैदराबादेस नकार द्यावा, हे आम्हांस शोभत नाही असे वाटते.

मग हिशेबात गळते ते काय? आमच्या परिचयाच्या एका घरी असा कागद आम्ही पाहिला. नऊ बाबी लिहिल्या होत्या. सून पुण्यात अनुदानित शाळेत शिक्षिका. तिची नोकरी राज्याबाहेर नेता येत नाही. नऊ बाबींत त्या नोकरीचा उल्लेखही नव्हता. ती सर्वांस चहा देत होती. शेवटी सासूबाईंनीच विचारले, ‘आणि हिच्या शाळेचे काय?’ कोणीच काही बोलले नाही. बारा वर्षांची नोकरी एका कुटुंबाच्या हिशेबात शून्य ठरावी, आणि तीही शिकलेल्या माणसांकडून, याहून लाजिरवाणी गोष्ट आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी गळलेली बाब म्हणजे मागे राहिलेले आईबाप. 2020 साली टाळेबंदीत पुण्याची मुले मोहोळास परतली, ओसरीवर संगणक मांडून महिनोन्‌महिने कामे केली, आणि कामे अडली नाहीत. नंतर कचेऱ्यांनी बोलाविले तसे सारे निघून गेले. आज रात्री वडिलांच्या छातीत कळ आली, तर सोलापूरच्या रुग्णालयापर्यंतचे सुमारे पस्तीस किलोमीटर शेजाऱ्याच्या गाडीतूनच कापावे लागतात. मुलगा पुण्यात असो वा हैदराबादेस. वडीलधाऱ्यांनी ‘कोणता प्रांत’ हे विचारण्याऐवजी ‘रात्री कोण येणार’ हे विचारावे. त्या प्रश्नात मानहानी वाटते म्हणून ते भाषेचा आणि प्रांताचा आडोसा घेतात, असा आमचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, इतका विचार करीत बसले तर संधी निघून जाईल. जी संधी घरातील चार माणसांस एकदा विचारण्याइतकाही धीर धरीत नाही, तिच्या भरवशावर पत्नीची नोकरी सोडणे शहाणपणाचे नव्हे, एवढेच आमचे उत्तर आहे.

जाण्यास आमचा विरोध नाही. सुनेच्या कामाची सोय विचारून, किती वर्षांसाठी हे आधी ठरवून, मुलांशी घरात मराठीच बोलण्याचा निश्चय करून, आणि मागे आईबापांच्या आजारपणाची व्यवस्था लावून जो जाईल, त्याने खुशाल जावे. पण त्यापूर्वी त्याने तो कागद पुन्हा हाती घ्यावा आणि त्यावर तिसरा रकाना आखून त्याच्या माथ्यावर मोहोळ असे लिहावे. तो रकाना भरून झाला, की पुणे की हैदराबाद हा वाद कदाचित बराच सोपा झालेला आढळेल.