चौकाचें घर

गेलीं तीन वर्षें आम्ही एक घर शोधीत आहों. बारामतींत घरांची वाण आहे असें नाहीं. रोज कोठें ना कोठें नवी इमारत उभी राहते. परंतु आम्हांस हवें आहे तें चौकाचें घर. पुढें ओटा, मग दिंडीचा दरवाजा, आंत देवडी, मध्यें उघडा चौक, भोंवतीं सोपे आणि मागें माजघर. आमचे विद्यार्थी विचारतात, "सर, जुनें घर घेऊन त्यांतली वाळवी कशाला पोसायची?" प्रश्न अगदींच गैर नाहीं.

आमचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. बारामती-इंदापुराकडे वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरांच्या आसपास. कोंकणांत उतरतें कौलारू छप्पर नसेल तर घर वाहून जावयाचें. येथें पूर्वजांनीं सपाट माळवद घातलें. तुळयांवर कड्या, कड्यांवर लांकडी फळकुटें, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दोन-दोन हात रुंद. वैशाखांत बाहेर पारा चाळिशीपार गेला तरी अशा माजघरांत मूल निजतें, आणि रात्रीं चौकांतून गारवा आंत उतरतो. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर खाल्लेलें ऊन मध्यरात्रीपर्यंत ओकीत राहतो; हें आम्ही भाड्याच्या घरांत रोज अनुभवितों.

तथापि जुन्याच्या प्रेमानें डोळे मिटूं नयेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीकडे भूकंप झाला, तेव्हां दगडमातीच्या भिंती आणि हेंच जड माळवद यांखालीं हजारों माणसें निजल्या ठिकाणीं गाडलीं गेलीं. म्हणून घर पाहावयास जातांना आम्ही सुतार व इंजिनियर दोघांस बरोबर नेतों. तुळईचें भिंतींत शिरलेलें टोंक कुजलें असेल, तर नक्षीदार खांबाकडे पाहतसुद्धां नाहीं.

अशीं घरें आतां उरलीं तरी किती? कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा किंवा इंदापूरची मालोजीराजांची गढी हे गांवाचे ठेवे. ते कांहीं आमच्यासारख्या शिक्षकानें विकत घेण्याचे नव्हेत. मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) बारामतींत राहून आर्या रचिल्या, त्या काळची घरबांधणी आतां बोळाबोळांतून एखादीच दिसते. भीमाकांठचीं कित्येक गांवें तर १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पोटांत गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवाचें जुनें देऊळ वर येतें. तेथील वाडे आतां माशांनींच शोधावे! उरलेल्यांपैकीं पुष्कळ वाडे पाडून त्यांचे खांब आणि दरवाजे हॉटेलांस व बंगल्यांस विकले जातात. ही हौस आम्हांस मुळींच रुचत नाहीं. घराचा सांगाडा मोडून त्याचा दांत तेवढा दिवाणखान्यांत टांगावा, त्यांतला हा प्रकार.

गेल्या वैशाखांत इंदापुरांत मनाजोगें घर सांपडलें. चौक फरसबंद, तुळया ठणठणीत, किंमतही आवांक्यांतली. मालकीच्या कागदावर तिघां भावांचीं नांवें होतीं. आम्ही चौकांत बोलत बसलों असतां मागच्या खोलींत एक वृद्ध बाई धान्य निवडीत होत्या. आमच्या मंडळींना त्यांनीं जवळ बोलावून हळूच विचारलें, "ताई, घर तुम्ही घेतलंत तर ही खोली मला भाड्यानं द्याल का?"

चौकशीअंतीं कळलें कीं त्या तिघांची थोरली बहीण. वैधव्यानंतर माहेरीं परतून त्यांस तीस वर्षें झालेलीं. भाऊ म्हणाले, "तिचं काय एवढं? हक्कसोडपत्रावर सही देईल ती." वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं दिला, २००५ सालीं तो साऱ्या देशांत अधिक व्यापक झाला. पवित्र शास्त्रांत सलाफहादाच्या पांच मुली बापाचें वतन मागावयास मोशेपुढें उभ्या राहिल्या, आणि त्यांचें म्हणणें रास्त ठरलें. या बाई मात्र बापाच्या घरांत भाडेकरू होऊं पाहत होत्या.

आम्हीं भावांस सांगितलें कीं, बहिणीचा चवथा हिस्सा तिच्या नांवें बँकेंत जमा होईल आणि खरेदीखतावर चौघांची सही होईल, तरच व्यवहार. दलालानें आम्हांस बाजूस नेऊन वेड्यांत काढलें. "सर, असा वाडा पुन्हा मिळायचा नाही," असें तो म्हणाला, आणि बहुधा तें खरेंच आहे. परततांना भिगवणपर्यंत घरांत कोणी बोललें नाहीं. आमच्या धाकट्यानें तर चौकांत झोपाळा कोठें बांधावयाचा तेंही ठरविलें होतें. पालकांपैकीं कांहींनीं आम्हांस भाबडे म्हटलें. परंतु जिची सही धाकानें घेतली, तिच्या खोलीच्या भिंतीला लागून आम्हीं रात्रीची प्रार्थना कोणत्या तोंडानें करावयाची?

तें घर अद्याप विकलें गेलेलें नाहीं, आणि बाई तेथेंच राहतात असें ऐकतों. आमचा शोध चालूच आहे. कोणा पालकांस असें एखादें घर ठाऊक असल्यास अवश्य कळवावें. मात्र कागदावरचीं नांवें मोजतांना मागच्या खोलींतही एकदां डोकावून यावें.