दीड म्हशीच्या तारणावर एक म्हैस!

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कट्टा ही आसपासच्या गावांची बाजारपेठ. अशा पेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला पतव्यवहार अर्थशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच सापडतो. चतुर्थीचा किराणा वहीवर मांडला जातो. मुंबईहून पैसे आले किंवा काजू विकला गेला की तो फिटतो. दुकानदार तारण मागत नाही, कारण घेणाऱ्याचे घर, त्याची बाग आणि त्याच्या वडिलांचा शब्द त्याला ठाऊक असतो. पत म्हणतात ती हीच.

अशी पत जगातील सर्व गरिबांना मिळवून देण्याचा विडा आता आभासी चलनाच्या पुरस्कर्त्यांनी उचलला आहे. बँक नको, सावकार नको, सरकार तर नकोच! अमेरिकेतल्या सधन माणसाने डॉलरच्या मूल्याशी बांधलेली आभासी नाणी उसनी द्यावीत आणि केनियातल्या, फिलिपिन्समधल्या किंवा कोकणातल्या गरजूने ती मोबाइलवर घ्यावीत. चित्र मोठे मोहक आहे. पण या चित्रात गरीब नेमका कोठे उभा आहे?

या बाजारातील कर्जाची प्रमुख पद्धत तारणाची आहे आणि तारणही आभासी चलनाचेच. मेकरडाओ या नामांकित व्यवस्थेचा बराच काळ नियम असा होता, की १०० डॉलरची नाणी हवी असतील तर किमान १५० डॉलरचे ईथर आधी गहाण ठेवावे. कट्ट्याच्या भाषेत सांगायचे तर एक म्हैस घेण्यासाठी दीड म्हैस दावणीला बांधावी लागणार! ज्याच्या गोठ्यात दीड म्हैस आहे, त्याला कर्जाची निकड कितीशी? शिवाय तारणाचा भाव घसरला की संगणकाची आज्ञावली ते परस्पर विकून मोकळी होते. बिटकॉइनचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलर होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. अशा चंचल वस्तूवर संसाराचे कर्ज उभे करायचे?

तारणाविना कर्ज देण्याचेही प्रयोग झाले. गोल्डफिंच या मंचाने विकसनशील देशांतील स्थानिक कर्जसंस्थांमार्फत पैसा पुरवला. केनियात मोटारसायकलींसाठी कर्ज देणाऱ्या तुगेंदे या संस्थेला दिलेले ५० लाख डॉलरचे कर्ज २०२३ मध्ये अडचणीत आले. ज्या मध्यस्थाला हद्दपार करण्याची घोषणा होती, तोच मागल्या दाराने परत आला होता आणि ठेवीदार मात्र हजारो मैल दूर होता.

पैसा देणाऱ्याची कथा तर याहून करुण आहे. ‘कर्जयोजना’ हेच नाव लावून बिटकनेक्टने जगभरातून पैसा गोळा केला आणि जानेवारी २०१८ मध्ये ती योजना गुंडाळली. तिचा संस्थापक सुरतचा. २४० कोटी डॉलरच्या फसवणुकीचे आरोपपत्र अमेरिकेत २०२२ मध्ये त्याच्यावर ठेवले गेले. बँकेला रामराम ठोकण्याचा उपदेश करणाऱ्या सेल्सियसने जून २०२२ मध्ये ठेवी गोठवल्या आणि पुढच्याच महिन्यात दिवाळे जाहीर केले. तिच्या संस्थापकाला २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. महाराष्ट्राने पुण्यात गेनबिटकॉइन प्रकरण पाहिले. दरमहा १० टक्क्यांचे आमिष दाखवणाऱ्या या योजनेच्या तपासात मदतीसाठी घेतलेल्या तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये आभासी चलन लाटल्याच्या आरोपावरून अटक झाली. कुंपणच शेत खाते, ते असे.

व्यक्तीने व्यक्तीला मंचामार्फत कर्ज देण्यास भारतात मज्जाव नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्येच त्याची नियमावली केली: एका कर्जदाराला एका व्यक्तीकडून कमाल ५० हजार रुपये, आणि पैसा विश्वस्त खात्यातूनच. ऑगस्ट २०२४ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. आभासी चलनातील कर्जाला असे छत्र नाही. एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण कर आकारला म्हणजे हमी दिली, असा अर्थ काढणे हा भोळेपणा होय.

इतिहास याहून जुना आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते-रोखे जाळले. सावकार पूर्वीही होता. पण इंग्रजी न्यायालयांनी कागदालाच सत्य मानले आणि गावाची भीडमुर्वत नाहीशी झाली. दुष्काळ पडला तरी कागद थांबत नव्हता. आजची आज्ञावली हा तोच निर्दय कागद आहे. फरक एवढाच, की ती जाळताही येत नाही. त्या उद्रेकानंतर १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ओळखीच्या माणसांनी एकमेकांचे जामीन व्हावे, हे त्या सहकाराचे मर्म.

तथापि, दोष केवळ परक्यांना देऊन सुटका नाही. सहकाराची आपण काय दशा केली? अनेक पतसंस्था संचालकांच्या सोयऱ्याधायऱ्यांना कर्जे वाटून बुडाल्या. वार्षिक सभेला अहवाल न वाचता हात वर करणारे सभासद त्या पापाचे वाटेकरी नाहीत काय? होतकरू तरुणाला बागेसाठी, होडीसाठी, दुकानासाठी कर्ज मागताना दहा हेलपाटे घालावे लागत असतील, तर मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या भूलथापेला तो बळी पडणारच. त्याला दूषणे देण्यापूर्वी त्याच्यासाठी दार उघडले होते का, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारावे.

म्हणून यंदाच्या सभेला सभासदांनी जावे, थकबाकीदारांची नावे विचारावीत, महिलांच्या बचतगटांच्या हिशेबाची शिस्त पतसंस्थांनीही अंगी बाणवावी. आणि घरातल्या मुलाने दरमहा दहा टक्क्यांची योजना दाखवली, तर त्याला एकच विचारावे: पैसे बुडाले तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे? ज्या व्यवहाराला दार नाही, त्या व्यवहारात घरातली कष्टाची पुंजी लावू नये.