रॅम महागली, मग गेमिंग पीसी कुठल्या सॉकेटवर बांधायचा?

गेल्या वर्षीच्या मध्यापर्यंत गेमिंग पीसीची यादी करताना रॅम हा सगळ्यात शेवटी, फारसा विचार न करता टाकायचा पार्ट होता. ग्राफिक्स कार्डावरून वाद, प्रोसेसरवरून वाद, कॅबिनेटमधल्या लायटिंगवरून तर घरात भांडणं. रॅमबद्दल मात्र एकच वाक्य: 'दोन टाक ८-८ च्या.' आता गाडी उलटी फिरली आहे. डीडीआर५ रॅमच्या किमती काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेल्या. त्यामुळे आधी रॅम ठरते, मग तिला चालणारा मदरबोर्ड आणि मग त्या बोर्डावर बसणारा प्रोसेसर.

हे लिहायचं कारण म्हणजे मुलुंड पूर्वेच्या एका इंजिनीअरिंगच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली यादी. बजेट ८० हजार, त्यातले निम्मे त्याने शिकवण्या घेऊन जमवलेले. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, मित्राकडून स्वस्तात मिळणारी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ५०६० कार्ड आणि ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. सुटा सुटा बघितला तर यातला प्रत्येक पार्ट ठीक आहे. पण ही मंडळी एका डब्यात नांदणार नाहीत. रायझन ७६०० एएम५ सॉकेटचा आहे, बी४५० बोर्ड एएम४ चा. प्रोसेसर बोर्डावर बसणारच नाही. आणि एएम५ बोर्ड घेतला, तर मित्राची रॅम वाया, कारण एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते.

रॅम गेली कुठे?

जगातली बहुतेक सगळी डीरॅम मेमरी तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. पीसीची रॅम, तुमच्या फोनमधली एलपीडीडीआर आणि एआयच्या कार्डांवर लागणारी एचबीएम नावाची महागडी मेमरी, हे सगळं याच तिघांच्या कारखान्यांतून येतं. कारखाने मर्यादित आहेत. ज्या सिलिकॉन चकतीतून तुमची रॅम निघाली असती, तीच चकती एचबीएमसाठी वापरली तर कंपनीला कितीतरी जास्त पैसे मिळतात. मग ती कोणासाठी वापरतील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने आपल्या स्टारगेट प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी करार जाहीर केला. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचं लक्ष्य सांगितलं गेलं. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने त्याहून थेट बातमी दिली: क्रुशल हा साध्या ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद. जवळपास तीन दशकं लोकांनी लॅपटॉपमध्ये आणि पीसीत डोळे मिटून टाकलेली ही रॅम. कंपनीने कारणही लपवलं नाही. डेटा सेंटरची मागणी वाढली आहे, मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरवायचाय.

हे सगळं कुठेतरी अमेरिकेत चाललंय असं वाटत असेल, तर मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडून बघा. पलीकडे रबाळे, महापे, पुढे पनवेलपर्यंत डेटा सेंटरची रांगच आहे: सिफी, कंट्रोलएस, योट्टा. योट्टाकडे मार्च २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या एच१०० कार्डांची पहिली मोठी खेप आली, ४ हजारांहून अधिक. अशा एका कार्डावर ८० जीबी एचबीएम असते. गुणाकार तुम्हीच करा. खाडीच्या या बाजूचा मुलगा १६ जीबीसाठी भाव विचारतोय आणि त्या बाजूला मेमरी लाखो जीबीच्या हिशेबात उतरतेय. दोघांची रांग एकच आहे, आणि रांगेत पुढे कोण उभं राहणार हे पैसा ठरवतो.

'पण मायक्रॉनचा कारखाना गुजरातमध्ये साणंदला होतोय ना?' हा प्रश्न मला बरेचदा येतो. तो प्रकल्प चिप जोडणी आणि तपासणीचा आहे. मेमरीची मूळ चकती तिथे बनत नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर स्वस्ताईची वाट बघू नका. नवा मेमरी कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला काही वर्षं जातात. आणि फोन घ्यायचा विचार असेल तरी हे लक्षात ठेवा, कारण १२ जीबी रॅमचा फोन महागण्यामागेही हेच कारण आहे.

आता तीन वाटा

पहिली वाट जुन्या एएम४ ची. हे सॉकेट २०१६ पासून आहे, डीडीआर४ वापरतं आणि अजून दम धरून आहे. रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड ही जोडी १०८०पी वर व्हॅलोरंट, जीटीए ५, सीएस२ आरामात खेळवते. ज्याच्याकडे डीडीआर४ आधीच पडून आहे, त्याने दुसरीकडे बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोटा एवढाच की हा रस्ता पुढे बंद आहे. आणखी वेगवान काही हवं झालं तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी, आणि ते नवे सहजी मिळत नाहीत.

दुसरी वाट इंटेलची, एलजीए१७०० सॉकेट. १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर याच्यावर बसतात. गंमत अशी की या सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारचे येतात, काही डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे. नाव जवळजवळ सारखंच, फक्त मागे 'डी४' असं काहीतरी चिकटलेलं. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. दोन्ही रॅमना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो. आय५-१२४००एफ हा या वाटेवरचा भरवशाचा गडी. मात्र सेकंड हँड १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ स्वस्तात दाखवला तर जरा थांबा. त्या चिपमध्ये व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होण्याचा दोष निघाला होता आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे अपडेट काढले. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. आधीच्या मालकाने अपडेट कधी टाकला, हे तुम्हाला कसं कळणार?

तिसरी वाट एएम५ ची. सप्टेंबर २०२२ ला आलेलं सॉकेट. एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही याला साथ देण्याचं सांगितलंय. म्हणजे आज ७५००एफ किंवा ७६०० टाकून दोन-तीन वर्षांनी ९८००एक्स३डी किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता येईल. सगळं नवंच घ्यायचं असेल तर मी आजही इथेच पैसे घालीन. फक्त ३२ जीबीचा हट्ट सध्या सोडा. १६ जीबीवर सुरुवात करा.

पण त्यातही एक मेख आहे. १६ जीबी म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या की १६ ची एक? दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनल मिळतो आणि गेममध्ये फ्रेम वाढतात. पण पुढे आणखी दोन टाकायच्या झाल्या, तर डीडीआर५ चार पट्ट्यांवर छापील वेगाने बहुधा चालत नाही, वेग खाली आणावा लागतो. वर्षभरात नक्की वाढवणार असाल तर १६ ची एक घ्या आणि थोडे दिवस कमी फ्रेम सोसा. नाहीतर ८-८. बोर्डाला चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी चालू केल्याशिवाय ६००० ची रॅम ६००० ने धावत नाही. हे न केलेले कितीतरी पीसी मुंबईत वर्षानुवर्षं सुखाने अर्धपोटी चाललेत.

बसतं, पण चालत नाही

सॉकेट जुळलं म्हणजे झालं, असं नाही. बी४५० बोर्डावर रायझन ५००० चा प्रोसेसर बसतो, पण जुना बायोस असेल तर स्क्रीन काळीच राहते. बी६५० वर ९००० मालिका टाकतानाही हीच गोष्ट. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हने अपडेट होतो. नसेल तर दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या, घरी आणल्यावर नव्हे.

दुसरं, कार्ड आणि बोर्डामधली वाट. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय पूर्ण १६ नाही, फक्त ८ लेन वापरतात. पीसीआयई ४ किंवा ५ च्या बोर्डावर काही बिघडत नाही. पण बी४५० हा पीसीआयई ३ चा बोर्ड, आणि रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी हे प्रोसेसरही पीसीआयई ३ चेच, मग बोर्ड बी५५० असला तरी. तिथे ८ जीबीचं कार्ड भरून वाहायला लागलं की गेम अडखळतो. अशा जुन्या बोर्डासाठी आरएक्स ९०६० एक्सटी बरं, त्याला १६ लेन आहेत. आमच्या मुलुंडच्या मुलाने शेवटी बी५५० आणि ५६०० वर यायचं ठरवलं, मित्राची रॅम ठेवली आणि वाचलेल्या पैशांत हेच कार्ड १६ जीबीचं बसतंय का ते बघतोय. बसायला हवं.

नावात 'एफ' असलेले प्रोसेसर आणि रायझन ५६०० यांना स्वतःचा डिस्प्ले नसतो. 'कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ' असा बेत असेल तर महिनाभर नुसता पंखा फिरताना बघत बसाल.

आणि एक नवी अट, जी दोन वर्षांपूर्वी कोणी विचारात घेत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ ला आलेला बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० शिवाय सुरू होत नाही. व्हॅलोरंटही विंडोज ११ वर हेच मागतो. चौथ्या पिढीचा आय५, ऑफिसमधून काढलेला, 'गेमिंग पीसी' म्हणून विकायला ठेवलेला दिसतो ना? त्यावर कार्ड कितीही भारी लावा, बॅटलफील्ड ६ उघडणार नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटही नाही. नव्या बोर्डात दोन्ही सोयी असतात, पण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सिक्युअर बूट चालू होत नाही. आधी डिस्क जीपीटी करा.

वीज, यूपीएस आणि बिल

त्या यादीतल्या ४५० वॉटच्या पॉवर सप्लायचं काय? ५०६० कार्ड १४५ वॉट घेतं, एनव्हिडिया ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. मी चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० घ्या म्हणेन. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सप्लाय टिकेल का ते नाही. जुन्या सप्लायच्या सुट्या वायरी नव्या कंपनीच्या सप्लायला कधीही लावू नका. सप्लायच्या बाजूचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, प्लग बसतो आणि ड्राइव्ह जळते.

घरी वायफायसाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत पेलतो. गेम ऐन रंगात असताना वीज गेली तर पीसी त्याच क्षणी बंद. त्याला राउटरपुरतं राहू द्या.

मुलुंडला वीज महावितरणची, आणि तिचा दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा. ४०० वॉटचा पीसी रोज चार तास चालला तर महिन्याला ४८ युनिट होतात. घरचं बिल आधीच टप्प्याच्या काठावर असेल तर हे ४८ युनिट वरच्या दराने मोजले जातात. आईबाबांना हे आधी सांगितलेलं बरं.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. तिथे सध्या 'कॉम्बो'चा जोर आहे: प्रोसेसर, बोर्ड, रॅम एकत्र. रॅमच्या भावामुळे कॉम्बो स्वस्त वाटतो, पण त्यात बोर्ड कुठला घातलाय ते पूर्ण मॉडेल नावासकट विचारा. 'बी५५० आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही. सील फोडलेला डबा सहसा परत घेत नाहीत, म्हणून जुळणी पैसे देण्याआधीच तपासायची. रॅमवर अनेक कंपन्या आजीवन वॉरंटी देतात, पण जीएसटीचं बिल आणि त्यावर सिरियल नंबर असेल तरच पुढे वाद होत नाही. आज ज्या भावाने रॅम घेताय, त्या भावात बिनबिलाचा सौदा परवडण्यासारखा नाही.

मॉनिटरवर 'जीएसटी कपातीची ऑफर' असं लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जा. २२ सप्टेंबर २०२५ ची कपात ३२ इंचांहून मोठ्या स्क्रीनसाठी होती. तुमचा २४ किंवा २७ इंची मॉनिटर आधीपासूनच १८ टक्क्यांत आहे.