जुन्या गाडीचीं चाकें

आमच्या धाकट्या बंधूंची जुनी जीप, जिच्या पाठीवर मालाची पेटी चढवून तिची पिकअप केलेली आहे, ती ते निवर्तल्यापासून पडवींत उभी होती. यंदा चि. पुतण्यानें तिचें इंजिन चालू केलें आणि चाकांपाशीं येऊन घरांत वाद उपस्थित झाला.

त्याच्या मनांत चकचकीत मिश्रधातूचीं चाकें आणि त्यांवर २३५/७५ आर १५ मापाचे टायर. आम्ही मूळच्या ६·००-१६ वर अडून बसलों. यांतला २३५ हा रुंदीचा, मिलिमीटरांत. ७५ म्हणजे रुंदीच्या शेंकडा पंचाहत्तर इतकी टायराच्या बाजूची उंची. १५ हा चाकाचा व्यास, इंचांत. जन्मभर त्रैराशिक शिकविलेलें कामीं आलें. एकंदर उंची एकोणतीस इंचांच्या आसपास, म्हणजे जुन्याइतकीच. पण रुंदी सव्वानऊ इंच, जुन्याची सहा! ही गाडी केवळ मनगटाच्या बळानें वळते. शिवाय पोंभुर्ण्याच्या बांध्यांतून धानाचीं पोतीं आणावयाचीं, तेथें अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण भुईला भिडतो, रुंद टायर वरच घसरतो. वैनगंगेच्या वाळूंत मात्र पुतण्याचें म्हणणें खरें ठरेल, हें कबूल केलें पाहिजे.

मग त्यानें स्वस्तांत चार टायर आणले. माप बरोबर, नक्षी कोरी करकरीत. बाजूवरचे शेवटचे चार आंकडे वाचले : २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. न वापरतांहि रबर कडक होतें, चिरतें. टायर परत गेले, इसाऱ्याचे पैसे मात्र बुडाले.

खरा प्रसंग पुढेंच. स्टेपनीचें चाक युद्धकाळांतील लष्करी बनावटीचें, दोन अर्ध आठ नटांनीं जोडलेलें. गाडीवर बसविण्याचे पांच नट वेगळे. पुतण्यानें हवा भरलेली असतांनाच त्या आठांपैकीं एकाला पाना लावला. ओरडून त्याचा हात धरला. आतल्या हवेच्या दाबानें तो अर्धा भाग उडून थेट तोंडावर आला असता. अशा चाकाची व्हॉल्व्हची सुई काढून संपूर्ण हवा सोडल्याखेरीज त्या नटांना शिवूं नये. वहिनी दारांत उभ्या होत्या; त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या रात्रीं जेवल्याहि नाहींत.

तें चाक आतां गंजलेल्या लोखंडांत निघालें. साधीं अखंड पोलादी चाकें, नव्या ट्यूबा व पांचहि टायर एकाच बनावटीचे ठरले आहेत. चाकांना रंग कोणता, तें वहिनींनीं सांगावयाचें आहे.