वारसा आणि कायदा

स्कॉटलंडच्या व्हिस्कीचा महिमा सांगताना तेथील झऱ्यांचे पाणी आणि पिढीजात कसब यांचाच उल्लेख होतो. तो खोटा नसला तरी अपुरा आहे. १८२३ च्या अबकारी कायद्याने परवाना सुलभ होईपर्यंत हा धंदा बराचसा चोरटाच होता. १८३० साली एनियस कॉफी याने अखंड ऊर्ध्वपातनाच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि धान्याचा स्वस्त मद्यार्क मुबलक झाला. मग खरी व्हिस्की कोणती, हा वाद इतका विकोपास गेला की, १९०८ मध्ये शाही आयोग नेमावा लागला. त्याने मिश्रणास मान्यता दिली; मुरवण्याची सक्ती मात्र केली नाही. ती आली १९१५ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, आणि तीही लॉइड जॉर्ज यांच्या मद्यविरोधी मोहिमेतून! आधी दोन, लगोलग तीन वर्षे. जे बंधन उत्पादकांना जाचक वाटले, तेच पुढे त्यांच्या प्रतिष्ठेचा आधार ठरले.

भारतात मळीच्या मद्यार्कापासून केलेले पेयही व्हिस्की म्हणून विकता येते. युरोपीय संघात त्याला ते नाव लावता येत नाही. भारत व ब्रिटन यांच्यातील २०२५ च्या करारात स्कॉचवरील आयातशुल्क दीडशे टक्क्यांवरून प्रथम पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. उष्ण हवेत मद्य लवकर मुरते, हा भारतीय उत्पादकांचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु मुरण्याची मुदत हा एक प्रश्न आणि कच्चा माल हा दुसरा. पहिल्याच्या आडून दुसरा टाळता येणार नाही. नावाची पत जाहिरातीने वाढत नाही. ती स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनानेच वाढते.