वैशाखात गोधडी

मे महिन्यात अंजनगावात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घराघरांतून कूलर घरघरत असतात आणि पोरं त्याच्यापुढची जागा पकडायला भांडतात. अशा दुपारी माझी चुलत वहिनी आतल्या खोलीत गोधडी पांघरून पडलेली असे. ‘‘थो कूलर बंद करा रे बापा, मले हिव लागते.’’ पोरं हसत. मीही हसलो आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

एकेकाळी पानपिंपरीच्या वाडीत दिवसभर राबून संध्याकाळी भाकरी थापणारी ही बाई. आता दहा पावलांवर बसकण मारायची. आवाज इतका जड झाला की फोनवर लोक तिला दादा समजत. थायरॉईडची तपासणी झाली नव्हती असं नाही. आठ वेळा झाली. दरवेळी टीएसएच दोन-तीनच्या आसपास, दरवेळी तेच उत्तर: ‘‘रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.’’ एकदा ती बाहेर येऊन मला म्हणाली, ‘‘भाऊजी, रिपोर्ट नॉर्मल आहे तं मंग मी काय सोंग करून रायली काय?’’

या प्रश्नाच्या बाजूनं मला वकिली करायची आहे. पण आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही.

डॉक्टर म्हणतात, थायरॉईडसाठी टीएसएच हीच सगळ्यांत संवेदनशील पहिली चाचणी. खरं आहे. थायरॉईडचा रस जरा कमी पडला तरी टीएसएच कितीतरी पट उसळी घेतं. म्हणून साधारण ०.४ ते ४ या पट्ट्यात आकडा असेल तर बहुतेकांची ग्रंथी ठीक असते, आणि दर माणसाच्या मागे टी-थ्री, टी-फोर, अँटिबॉडी अशी वरात लावणं म्हणजे गरिबाचा खिसा कापणं. हेही खरं. थकवा म्हणजे थायरॉईड असं समीकरण मांडायचं तर आधी हिमोग्लोबिन बघा, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला. आणि ओपीडीत रांग दारापर्यंत असताना एका बाईला किती वेळ द्यायचा?

एवढं सगळं मान्य करूनही मुद्दा उरतो. टीएसएच हा उत्तम पहिला प्रश्न आहे. शेवटचा प्रश्न तो कधी झाला?

टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीतून येतं. शेतातल्या भाषेत सांगायचं तर पिट्यूटरी मुकादम आणि थायरॉईड मजूर. मजूर ढिला पडला की मुकादम ओरडतो. आपण मोजतो ते हे ओरडणं. आरडाओरडा नाही, म्हणजे काम चाललंय, असा आपला हिशेब. पण मुकादमच धुऱ्यावर चक्कर येऊन पडला असेल तर? वावरात शांतताच असणार. अशा वेळी टीएसएच कमी, नॉर्मल, कधी किंचित वाढलेलंसुद्धा दिसतं आणि टी-फोर तळाला गेलेलं असतं. नुसतं टीएसएच बघणाऱ्याला ही बाई ठणठणीत वाटते.

‘‘असे रुग्ण लाखात एक,’’ असं यावर उत्तर येतं. इथं मात्र मी अडून बसतो. हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञानं १९३७ साली दाखवून दिलं की बाळंतपणात अतोनात रक्त गेलं तर पिट्यूटरीचा रक्तपुरवठा तुटून ती ग्रंथी मरू शकते. दूध उतरत नाही, पाळी परत येत नाही, आणि पुढं वर्षानुवर्षं बाई हळूहळू विझत जाते. श्रीमंत देशांत हा आजार आता पुस्तकापुरता उरला. आपल्याकडं नाही. काश्मीरमध्ये झरगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मूल झालेल्या विशीपुढच्या बायकांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास निघालं. काश्मीरचा आकडा वऱ्हाडाला जसाच्या तसा लावायचा नाही, कबूल. पण शेकडा तीन आणि लाखात एक यांत फरक किती, हे हिशेबाला कच्च्या माणसालाही कळतं.

वहिनीचं दुसरं बाळंतपण रात्री झालं होतं, आणि खाटेखाली घमेलं ठेवावं लागलं होतं इतकं रक्त गेलं होतं. हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पोराला वरचं दूध पाजलं, हेही. पाळी पुन्हा आलीच नाही तेव्हा सासू म्हणाली, ‘‘लवकर सुटली बापा.’’ कमालीचं अशक्तपण आलं की सलाईन लावायचे, दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. सलाईननं बरं वाटायचं कारण रक्तातलं सोडियम उतरलेलं असायचं. म्हणजे निदान तिच्या अंगावर लिहिलेलं होतं, फक्त कोणी वाचत नव्हतं. आमचं गाव तहाचं; १८०३ च्या ३० डिसेंबरला शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथंच कलमं ठरली. वहिनीनंही दुखण्याशी असाच, हरल्या बाजूचा, तह करून टाकला होता.

शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरनं रिपोर्टची थप्पी बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारले. बाळंतपणात रक्त किती गेलं? बाळाला अंगावर पाजलं का? मग टी-फोर आणि सकाळचं कॉर्टिसोल मागवलं. दोन्ही खाली. औषधातही क्रम होता: आधी स्टिरॉईड, काही दिवसांनी थायरॉईडची गोळी. उलटं केलं असतं तर जीवावर बेतलं असतं. कोणी दयेपोटी ‘‘बघू गोळी देऊन’’ म्हणत आधीच सुरू केली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी टाळतो.

इथंच दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. कारण ‘‘माझं थायरॉईडच असणार, गोळी द्या’’ म्हणणारेही गावात कमी नाहीत आणि देणारेही. एकदा टीएसएच ५.८ आलं की आयुष्यभराची बाटली गळ्यात. अरे, पुन्हा तपासा ना! सीमेवरचा आकडा दोन-तीन महिन्यांनी कित्येकदा आपणहून खाली येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत पासष्टीपुढच्या ७३७ लोकांना, असंच किंचित वाढलेलं टीएसएच असताना, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना बिनऔषधी गोळी दिली; थकव्यात काही फरक पडला नाही. म्हाताऱ्या माणसाला गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. गोळी नाकारणं आणि गोळी फेकणं, दोन्हींचं मूळ एकच. आकडा बघितला, माणूस बघितला नाही.

‘‘हे शहरी बायकांचं फॅड’’ असंही ऐकलं आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या आठ शहरांतले ५३७६ प्रौढ घेतले होते, त्यात दर शंभरात जवळजवळ अकरा जणांत थायरॉईडची कमतरता आढळली. मुंबई होती, गोवा होता. विदर्भातलं एकही शहर नव्हतं. आम्हाला कोणी मोजलंच नाही, यावरून आम्हाला हा आजार नाहीच, हे कसं ठरतं? खारपाणपट्ट्यातलं पाणी पिणाऱ्याला आयोडीन कशाला कमी पडेल, ही दुसरी थाप. पाणी खारट असणं आणि त्यात आयोडीन असणं या दोन गोष्टी आहेत. आयोडीन पुरतं ते पुड्यातल्या मिठातून, आणि आता आरोग्याच्या नावाखाली लोक तेच सोडून सैंधव खायला लागलेत!

निदान झालं तरी उपचार पदरात पडतोच असं नाही. अंजनगावात पहाटे पाचला चूल पेटते आणि चहा होतो. गोळी त्याच चहाबरोबर जाते. ती जायला हवी नुसत्या पाण्यासोबत, उपाशी पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. गरोदर बाईला दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. ती सगळ्या एकदम गिळून मोकळी होते, आणि लोह थायरॉईडची गोळी आतड्यातच धरून ठेवतं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. त्यातच गरोदरपणात गोळीची गरज चौथाईनं, कधी निम्म्यानं वाढते. बाटली खिडकीत, जिथं दुपारी हात लावला तर चटका बसतो. मग सहा महिन्यांनी टीएसएच वाढलेलंच, आणि डॉक्टर डोस वाढवतात. या औषधाचा परिणाम रक्तात स्थिर व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. तेव्हाची तपासणी चिठ्ठीवर तारखेनिशी लिहिलेली मी फार कमी पाहिली आहे.

मला नवं यंत्र नको आहे. रक्त आजही गावातून शहरात जातं आणि रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर येतो. मला हव्यात त्या गोष्टींना पैसा लागत नाही, किंवा नगण्य लागतो. टीएसएच नॉर्मल आणि बाई मात्र थंडीनं कुडकुडणारी, अशी जोडी समोर आली की फ्री टी-फोर मागवा. सीमेवरच्या आकड्याला गोळीआधी दुसरी तपासणी. गोळी कशी घ्यायची ते मराठीत, चिठ्ठीवर, दुकानदाराच्या भरवशावर नाही. आणि बाळंतपणात रक्त जास्त गेलं असेल तर ते माता-बाल कार्डावर ठळक लिहा. दूध उतरलं का, हे बाळाला बघायला येणाऱ्या आशाताईनं विचारावं, आणि पाळी परत आली का, हे बाळाच्या लसीच्या फेऱ्यांत. वहिनीच्या वेळी हे दोन प्रश्न कोणी विचारले असते तर तिची अकरा वर्षं वाचली असती. वेळ नाही हा बचाव मला इथं चालत नाही. आठ वेळा ‘‘टेन्शन घेऊ नका’’ म्हणायला जितका वेळ लागला, त्यात हे दोन प्रश्न चार वेळा विचारून झाले असते.

यंदा मेमध्ये गेलो तर कूलरमध्ये पाणी कोण टाकणार यावरून वहिनीचंच पोरांशी भांडण चाललं होतं. तिच्या पर्समध्ये आता स्टिरॉईडची चिठ्ठी असते, ताप आला तर डोस वाढवायचा म्हणून. खुंटीवर मात्र ती जुनी कॅरीबॅग अजून लटकलेली, आठही नॉर्मल रिपोर्ट आत. म्हटलं, आता फेकून दे. ती म्हणाली, ‘‘राहू द्या भाऊजी. थे डॉक्टरले नेऊन दाखवाचे हायेत.’’