शेजारच्या भाषेतून जगाकडे

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिनकल हे गाव आहे. वाढत्या शहराने त्याला आता आपल्यात सामावून घेतले आहे. या गावाजवळच, मानसगंगोत्री या विद्यापीठ परिसरात, केंद्रीय भारतीय भाषा संस्थान आहे. 17 जुलै 1969 रोजी त्याची स्थापना झाली. भाषाशास्त्रज्ञ देवीप्रसन्न पट्टनायक हे त्याचे पहिले संचालक होते.

या संस्थानाच्या प्रादेशिक केंद्रांनी 1970 पासून एक वेगळे काम केले. निरनिराळ्या राज्यांतील नोकरीत असलेले शिक्षक तेथे येत आणि सुमारे दहा महिने राहून आपल्या मातृभाषेहून निराळी अशी एक भारतीय भाषा शिकत. म्हैसूरच्या केंद्रात दक्षिणेच्या भाषा, तर पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारातील केंद्रात मराठी, गुजराती आणि सिंधी. ज्याने वर्षानुवर्षे इतरांच्या वह्या तपासल्या, तोच पुन्हा अक्षर गिरवू लागे. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ एकच लिहिला जात असला, तरी त्याचे उच्चार दोन आहेत, हे मराठी शिकणाऱ्याला प्रयत्नाने आत्मसात करावे लागते. उलट, कन्नड शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘तुप्प’ या शब्दात घरचे तूप भेटते. ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ तर ओळखीचेच असतात.

आज अनेक शाळांना परदेशातील शाळांशी संबंध जोडावेसे वाटतात. ही इच्छा स्वागतार्ह आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिक स्तरावर जपानी, कोरियन, जर्मन, फ्रेंच यांसारख्या भाषा शिकण्याची वाट मोकळी ठेवली आहे. परंतु जगाशी संबंध म्हणजे केवळ इंग्रजी, असा समज समाजात रुजला आहे. इंग्रजी आवश्यक आहे, यात शंका नाही. मात्र एका बाजूने नेहमी दुसऱ्याचीच भाषा बोलावी आणि दुसऱ्या बाजूने काहीच शिकू नये, याला संबंध म्हणता येणार नाही. मैत्री दोन्ही बाजूंनी वाढते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. मुलांवर आधीच अभ्यासाचा भार आहे. पोटाला उपयोगी नसलेली भाषा त्यांनी का शिकावी? हा प्रश्न कष्टकरी कुटुंबांच्या अनुभवातून येतो, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. तथापि, कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर ठाऊक असते. नव्या शहरात दर ठरवताना, दवाखान्यात दुखणे सांगताना, मुलाला शाळेत घालताना तेथील भाषाच उपयोगी पडते. शिवाय एक नवी भाषा नीट शिकलेल्याला पुढची भाषा कशी शिकावी, हे उमगलेले असते.

1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील त्रिभाषा सूत्रानुसार हिंदीभाषी राज्यांत एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेची, शिकवली जावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती जागा संस्कृतने घेतली. शिकवणारा शिक्षक नसेल, तर वेळापत्रकातील भाषा कागदावरच राहते. म्हणूनच आधी शिक्षकाला विद्यार्थी करणारा हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो.

मराठी शाळांना तर परदेशाशी नाते जोडण्यासाठी स्वतःचीच भाषा हाताशी आहे. एकोणिसाव्या शतकात कितीतरी मराठी कुटुंबे मजुरीसाठी मॉरिशसला गेली. आज तेथील बहुतेकांच्या घरात क्रिओल बोलली जाते. तरीही प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि 1970 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. तेथील मुलांसाठी मराठी ही प्रयत्नाने शिकावी लागणारी भाषा आहे. कोकणातल्या एखाद्या शाळेने त्यांना मराठीत पत्र लिहिले आणि उत्तरासोबत क्रिओलमधील चार वाक्ये मागितली, तर त्याहून साधा आणि खरा आंतरराष्ट्रीय संबंध कोणता?

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. शाळेच्या परिसरात बांधकामावर, बाजारात किंवा शेतात दुसऱ्या भाषेची माणसे असतातच. त्यांच्यापैकी एखाद्याला आठवड्यातून एकदा वर्गात सन्मानाने बोलावता येईल. ज्या भाषेमुळे त्याला आजवर संकोच वाटत आला, तिच्यामुळेच तो त्या तासाचा गुरू होईल.

भाषा शिकण्याचे वय निघून गेले, असे म्हणून अनेक प्रौढ माणसे मागे सरतात. त्यांनी त्या शिक्षकांकडे पाहावे. संसार आणि नोकरी सांभाळणारी ती माणसे दहा महिने पुन्हा बाकावर बसली आणि एक नवी भाषा घेऊन आपापल्या गावी परतली.